सोसायटी अध्यक्षांना पत्र : मागच्या भिंतीवरचा राजासॉरस पुसू नका

दि. ५ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
कारेलीबाग, वडोदरा

विषय : मागच्या आवारभिंतीवरच्या चित्रावर चुना मारण्याच्या नोटिशीबाबत

स. न. वि. वि.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ लागलेली नोटीस मी वाचली. मागच्या भिंतीवर ‘अज्ञात मुलांनी विनापरवानगी रंगवलेली भीतिदायक चित्रं’ दिवाळीआधी चुना मारून पुसायची आणि ८,५०० रुपये खर्च संबंधितांच्या पालकांकडून घ्यायचा, असं त्यात आहे. राजासॉरस या डायनोसॉरचं ते चित्र पुसू नये आणि दंडही रद्द करावा, ही माझी विनंती आहे. सेक्रेटरींना मराठी वाचायला जड जातं, म्हणून गुजराती प्रत वेगळी देते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ती मुलं ‘अज्ञात’ नाहीत, निदान मला तरी नाहीत. नवरात्रात सगळी सोसायटी गरब्याला गेलेली असताना तीन रात्री त्यांनी ते काम केलं. पहिल्या रात्री साडेबारा वाजता खालच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा बादल्या माझ्या घरातून भरल्या. चहाही मीच दिला. माझं स्वयंपाकघर त्याच बाजूला आहे, त्यामुळे दिवा लावला की भिंत समोर येते. त्याच वेळी मी त्यांना थांबवून ‘आधी समितीला विचारा’ असं सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही, ही माझी चूक आहे. पैसे घ्यायचेच असतील तर ते बी-२०४ कडून, म्हणजे माझ्याकडून घ्या. तीन मुली आणि एक मुलगा आहे, त्यातली एक आपल्याच ए विंगमधली, फाइन आर्ट्सला शिकणारी. नावं मी लिहिणार नाही. ती स्वतः तुमच्याकडे यायला तयार आहेत.

आता चित्राविषयी. ते बहुतेकांनी स्कूटर काढताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलंय, म्हणून लिहिते.

सेक्रेटरी म्हणाले, ‘हा इंग्रजी सिनेमातला राक्षस आपल्या भिंतीवर कशाला?’ तो सिनेमातला नाही. त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस, आणि तो आपल्याकडचा आहे. बालासिनोरजवळच्या रैयोलीला त्याची हाडं सापडली. आपल्याकडून गाडीने दोन-अडीच तासांची वाट. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे खणून ती बाहेर काढली. पुढची वीसेक वर्षं ती तशीच पडून होती. मग आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मिळून कवटीचे आणि कमरेचे तुकडे जुळवले आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये त्याला नाव दिलं. ‘राजा’ हा शब्द आपलाच आहे आणि पुढे नर्मदेचं नाव आहे. २०१९ पासून रैयोलीला म्युझियमसुद्धा आहे. मी भूगोल शिकवायचे तेव्हा यातलं काहीच नव्हतं. डायनोसॉर म्हटला की मुलींच्या डोळ्यांसमोर अमेरिकाच यायची, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आपल्या जिल्ह्याशेजारच्या टेकड्यांत काय पुरलेलं आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्याची रुखरुख मला आजही आहे, आणि हे पत्र इतकं लांबण्याचं एक कारण तेच आहे.

चित्रातल्या प्राण्याच्या कपाळावर एकच बुटकं, गोल शिंग आहे. दोन जणांनी मला विचारलं की मुलांनी मनाने टेंगूळ काढलंय का. मनाने काढलेलं नाही. नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांपासून झालेलं ते शिंग हीच राजासॉरसची ओळख आहे. पुढचे पाय मुद्दाम आखूड काढले आहेत, कारण त्याच्या कुळातल्या सगळ्यांचे ते आखूडच असतात. मी टेप लावून मोजलं. शेपटीच्या टोकापासून नाकापर्यंत बावीस फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर. अभ्यासकांचा अंदाजही जवळपास तेवढाच आहे. भिंत सात फुटांची, म्हणून त्यांनी त्याला पुढे वाकवून पाणी पिताना दाखवलं. आणि तो पाणी कुठे पितोय ते जाऊन बघा. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आपल्या आवारात आलं होतं, त्याची तपकिरी रेघ भिंतीवर अजून आहे. दोनदा घासूनही ती गेली नव्हती. मुलांनी त्याच रेघेवर नदीचा काठ धरला आहे.

रंगकामातली एक गोष्ट मला अजून आठवते. बाह्यरेषेसाठी त्यांनी गवंड्यांसारखं सूत मारलं. गेरूत भिजवलेली सुतळी दोघींनी दोन टोकांना ताणून धरली आणि तिसरीने मधून टिचकी मारली. अंगावरचे खवले कसे काढायचे, यावर बराच वेळ बोलणं चाललं होतं. शेवटी मी कांद्याची रिकामी जाळीची पिशवी दिली. ती भिंतीवर ताणून वरून फवारा मारला, पिशवी उचलली, आणि खाली नेमके खवले उमटले. पाठीवरचे खवले बारीक आहेत, मानेवरचे मोठे, कारण मानेला बटाट्याची पिशवी वापरली. रात्री दोनच्या सुमाराला, टॉर्चच्या उजेडात, ते पहिल्यांदा उमटलेलं मी पाहिलं. आपल्याकडचे रंगारी दर दिवाळीला जे काम करतात ते मला ठाऊक आहे. इतक्या निगुतीने या भिंतीकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

समितीकडे आलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त तक्रारी सापाच्या आहेत हे मला कळलं. ‘घरासमोर साप काढणं अशुभ आहे, लहान मुलं घाबरतात.’ चित्रातल्या अंड्यांजवळचा तो साप त्यांनी भीती घालायला काढलेला नाही. ढोली डुंगरी म्हणून गाव आहे, आपल्याच गुजरातेत. तिथल्या दगडात धनंजय मोहबे यांना डायनोसॉरची अंडी सापडली आणि अंड्यांजवळ काही बारीक हाडं. मोहबे भूवैज्ञानिक सर्वेक्षणातलेच. ती हाडं अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाची असावीत असंच बरीच वर्षं समजत होते. मग २००१ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाच्या लक्षात आलं की त्यातले मणके सापाचे आहेत. साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि त्याच क्षणी वरून वाळू-चिखल कोसळला असावा, कारण सगळं जागच्या जागी दगड झालं. २०१० मध्ये त्या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. हे सगळं मला त्या ए विंगमधल्या मुलीने भिंतीजवळच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी तिला म्हटलं होतं, ‘अगं, राजासॉरस आपल्या अंड्यांची राखण करतोय असं दाखव, लोकांना आवडेल.’ तिने ऐकलं नाही. म्हणाली, ‘आजी, ही अंडी त्याची नाहीत. ती लांब मानेच्या, पाला खाणाऱ्यांची आहेत, आणि ते अंडी घालून निघून जायचे असंच दिसतं.’ आपल्या म्हणण्यासाठी एवढी ठाम राहणारी मुलगी आपल्या सोसायटीत वाढली, याचं मला फार कौतुक वाटतं. दंडाच्या नोटिशीने तिची आई मात्र दोन दिवस जेवलेली नाही, हेही तुम्हाला कळायला हवं.

मागे दिसणारा लाल डोंगर पावागड आहे. स्वच्छ दिवशी तो आपल्या गच्चीवरून दिसतो. त्याचा दगड ज्वालामुखीतून आला आहे. ज्या उद्रेकांतून सह्याद्रीचा काळा पाषाण आला, त्यांच्याच काळातला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज साताऱ्या-पुण्याकडून गायकवाडांबरोबर इकडे आले. त्यांच्या गावच्या डोंगराचं आणि इथल्या डोंगराचं नातं किती जुनं आहे, हे या भिंतीपाशी उभं राहून नातवंडांना सांगता येतं.

‘भिंती रंगवणं ही आपली संस्कृती नाही’, असं गेल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं. रावपुऱ्यातला तांबेकरवाडा किती जणांनी आतून पाहिलाय? दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, आणि आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या. कृष्णलीलेच्या शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. त्यांच्या काळातलं जे जे डोळ्यांसमोर होतं ते चित्रकारांनी काढलं. गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी येऊन भिंती रंगवल्या. सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स १९५० साली सुरू झालं तेव्हा चित्रकला विभाग आपल्या ना. श्री. बेंद्र्यांनी उभा केला, आणि ते जन्माने इंदूरचे मराठी. बडोद्यात भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलीला दंड व्हावा, ही गोष्ट मला या शहराला शोभणारी वाटत नाही.

चित्राऐवजी तिथे देवांच्या टाइल्स लावाव्यात, अशी सूचना आली आहे. हेतू मला कळतो. त्या कोपऱ्यात लोक काय करायचे हे सांगायला नको. सकाळी दूध आणायला त्या बाजूने जाताना मी पदर नाकाला लावून जायचे. पण चित्र झाल्यापासून तिथे एकही माणूस उभा राहिलेला नाही. समोरच्या चाळीतली मुलं संध्याकाळी तिथे बसून अंडी मोजतात. अकरा आहेत. आणि देवाला पानाच्या पिचकाऱ्यांसमोर राखणीला बसवणं माझ्या मनाला पटत नाही. मध्य प्रदेशात धारजवळच्या पाडल्या गावात लोक शेतातल्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत आले होते, आणि तज्ज्ञांनी ती डायनोसॉरची अंडी असल्याचं सांगितलं. तिथल्या शेतकऱ्यांनी शेताची आणि गुरांची राखण त्या अंड्यांवर सोपवली होती. अशुभ म्हणणाऱ्या आमच्या शेजारणींना मी हेच सांगितलं, आणि त्यातल्या एकीने काल तिथे जाऊन नातवाचा फोटो काढला.

आता चुन्याचं. हा मुद्दा खर्चाचा आहे, तेव्हा खजिनदारांनी लक्ष द्यावं. मुलांनी बाहेरच्या भिंतीचा ऍक्रिलिक रंग वापरला आहे. त्यावर चुना धरत नाही. एका पावसात पोपडे सुटतील आणि भिंत आहे त्याहून वाईट दिसेल. नीट पुसायचं तर खरवडून, प्रायमर मारून पुन्हा ऍक्रिलिकच द्यावा लागेल, आणि ते ८,५०० रुपयांत होणार नाही. शिवाय भिंतीला खालून लोणा (ओलीचा खार) लागलाय, त्याचा बंदोबस्त चित्र असो वा नसो करावाच लागणार आहे. आणखी एक गोष्ट मला सुचल्याशिवाय राहत नाही. बालासिनोरजवळची कितीतरी अंडी चुनखडीच्या खाणीतच मिळाली. साडेसहा कोटी वर्षं ज्या चुनखडीने ती सांभाळली, तिच्याच चुन्याने आपण ती झाकायला निघालो आहोत.

मुलांकडून झालेली एक चूक खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. ‘येथे वाहने लावू नयेत’ ही अक्षरं शेपटीखाली झाकली गेली, आणि मागच्या आठवड्यात टँकर अडकला तो त्यामुळेच. ती अक्षरं मुलं शेपटीच्या वर, गुजराती आणि मराठी दोन्हीत, येत्या रविवारी स्वतः लिहून देतील. चित्रावर पारदर्शक कोट मारायचा खर्च मी करते. लोणा लागलेल्या भागाच्या दुरुस्तीत वर्गणी बसेल ती बसेल.

समितीने एवढं करावं : नोटीस मागे घ्यावी आणि हा विषय वार्षिक सभेत ठेवावा. तोवर रंगाऱ्याला बोलावू नये. सभेने बहुमताने पुसायचं ठरवलं तर मी तक्रार करणार नाही. पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते चित्र दहा पावलं मागे उभं राहून पाहिलंय, हे सभेआधी विचारावं.

उद्या कोजागिरीला आपण सगळे गच्चीवर जमणारच आहोत. दूध आटवायला मी आठला वर येते. त्याआधी पावणेआठला मागच्या गेटपाशी टॉर्च घेऊन उभी राहीन. तिथला खांबावरचा दिवा गेले दोन महिने बंद आहे, म्हणून टॉर्च लागेल. तुम्ही आणि वहिनी दोघंही या. नातवाला चपला घालून आणा, तिथे खडी पडलीय.

आपली,
बी-२०४