आई-आप्पा, सहीची घाई नको

पुणे
आषाढातला रविवार

तीर्थरूप आई आणि आप्पा यांना साष्टांग नमस्कार.

आप्पा, तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेले त्या जनुकीय अभ्यासाच्या संमतीफॉर्मचे फोटो पाहिले. दोन पानांवर मजकुरापेक्षा तुमचा अंगठाच जास्त आलाय, पण बाकीचं वाचता आलं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "मधुमेहाचा अभ्यास आहे, रक्त घेणार, बाकी काही नाही, सही करून टाकतो." मागून आईचा आवाज आला, "तुना बाप कोनं ऐकस का?" आणि फोन कट. हे बोलणं फोनवर होणारं नाही हे तेव्हाच कळलं, म्हणून लिहिते आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या.

माझं मत आधीच सांगते, नाहीतर "ही नकोच म्हणणार" असं धरून तुम्ही वाचायला बसाल. रक्त द्यावं असंच मला वाटतं. माझा पगारच जनुकांच्या अभ्यासाचा आहे; रोज ज्या फायली मी उघडते त्या कोणाच्या तरी रक्तातून आलेल्या असतात. आतापर्यंत या विषयातली बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची होती, आणि आपल्याकडचं बरंचसं त्यात दिसतच नव्हतं. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळालेली माणसं आपल्या उपखंडात शंभरात चारेक आहेत, आणि त्यांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका जास्त असतो. आपल्याच लोकांचं रक्त तपासलं नसतं तर हे कोणाला कळणार होतं? जीनोम इंडिया प्रकल्पात १०,०७४ भारतीयांचा पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला आहे आणि २०२५ च्या जानेवारीपासून ती माहिती फरीदाबादच्या केंद्रातून रीतसर अर्ज करणाऱ्या संशोधकांना मिळते. एवढ्या मोठ्या देशाला दहा हजार म्हणजे काहीच नाही. तेव्हा द्या. पण कशाला हो म्हणताय ते बघून द्या.

आप्पा, आधी तुमचं. डॉक्टर तुमचा विद्यार्थी. रक्त घेणाऱ्या पथकाला तोच घेऊन येणार, ओट्यावर बसून चहा पिणार आणि म्हणणार, "सर, तुम्ही सही केली की गल्लीतले सगळे करतील." त्याला तुमच्याच्याने नाही म्हणवणार नाही. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव टाकायला जे आयुष्यात कोणाला नाही म्हणाले नाहीत, ते रक्ताला काय म्हणणार! आपल्याकडे माणूस कागद बघून सही करत नाही, समोर कोण बसलंय ते बघून करतो. एरवी त्यात काही बिघडत नाही. पण डॉक्टर उद्या नाशिकला दवाखाना टाकेल, पथक निघून जाईल, आणि तुमच्या रक्तातून वाचलेली ३०० कोटी अक्षरं कुठल्यातरी सर्व्हरवर तुमच्या-माझ्यामागेही राहतील. ती उघडणाऱ्यांत तुमचा विद्यार्थी कोणी नसेल. भिडेखातर सही करू नका. "फॉर्म ठेवून जा, वाचून सांगतो" म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फॉर्म कळेल अशा भाषेत हवा, त्याची प्रत तुमच्याकडे राहायला हवी, आणि नकार दिला म्हणून तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये. मागून माघारही घेता येते. मात्र जी माहिती एव्हाना इतरांकडे गेली किंवा निष्कर्षात मिसळली, ती काढून आणता येत नाही. हे फॉर्मवर बारीक अक्षरांत असतं.

आता तुमच्या अंगठ्याशेजारची ती चौकट : "माझा नमुना व माहिती भविष्यातील कोणत्याही संशोधनासाठी वापरण्यास माझी संमती आहे." सगळी गोम इथे आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोक समजले, मधुमेहासाठी घेतायत. कागदावरचे शब्द मात्र मोघम होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचं, जवळच्या नात्यातल्या लग्नांचं आणि ही जमात मुळात कुठून आली याचंही काम झालं. हे शेवटचं त्यांना फार लागलं, कारण आपण त्या दरीतच जन्मलो अशी त्यांची श्रद्धा आहे. कोर्टकचेरी झाली. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. तिथल्या लोकांनीही सह्या केल्याच होत्या, आप्पा, आणि निमित्त मधुमेहाचंच होतं.

तरी मोघम चौकट मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. आज सुचत नाही तो प्रश्न दहा वर्षांनी सुचतो, आणि तेव्हा प्रत्येकाच्या दारात परत जाणं कोणाला जमतं? पण काही फॉर्मांत पायऱ्या असतात : फक्त या आजारासाठी, किंवा कुठल्याही आरोग्य संशोधनासाठी, किंवा दर वेळी मला विचारा. तुमच्यात एकच चौकट आहे. ती रिकामी ठेवून बाकीच्या अभ्यासाला हो म्हणता येतं का, ते त्यांना विचारा. औषध कंपनीला माहिती देणार का, हेही विचारा. त्यावर नीट उत्तर न देता विषय बदलला तर तुमच्या जागी मी सही करणार नाही.

"नाव काढून टाकतात, नुसता नंबर असतो," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, माझ्या फायलींतही नंबरच असतात. पण माणूस ओळखायला त्या ३०० कोटींतल्या शंभराहून कमी जागा पुरतात, फक्त जुळवायला दुसरीकडे काही हवं. आणि आपल्याकडे जुळवायला काय कमी आहे? दर काही वर्षांनी भाट येतो, वही उघडतो, पणजोबांच्या पणजोबांपासून नावं वाचतो, नवीन पोरं लिहून घेतो, जेवून, बिदागी घेऊन जातो. लहानपणी मी त्याच्या मांडीशी बसून ऐकायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जवळजवळ हेच करून दाखवलं. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा भाग घेतला, वंशावळीच्या खुल्या वेबसाइटवरून आडनाव काढलं, त्याला वय आणि राज्य जोडलं, आणि नाव नसलेल्या सुमारे ५० माणसांचा पत्ता लावला. तुमच्या फॉर्मवर तर वय, तालुका, समाज, व्यवसाय आणि आजार सगळंच आहे. 'अमळनेर तालुका, निवृत्त मुख्याध्यापक, इन्सुलिन चालू, भाऊ त्याच आजाराने गेलेला' एवढं बाजारातल्या कुठल्याही टपरीवर सांगा, पोरगं घरापर्यंत सोडायला येईल.

आई, तुझी काळजी वेगळी आहे आणि ती मला जास्त पटते. धडगावकडच्या आश्रमशाळेत तू कामाला होतीस तेव्हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आणि कार्डं भर वर्गात नावं पुकारून वाटली, ते तू किती वेळा सांगितलंस. ती नववीतली पोर नुसती वाहक होती, तिला स्वतःला काही दुखणं नव्हतं. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पण पाड्यावर "तिचं रक्त खराब" एवढंच पोचलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. सातपुड्यात ही तपासणी व्हायलाच हवी, यात शंका नाही. २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा आहे. पण तपासणाऱ्याने तोंड कुठे उघडावं, याचा कागद कोण करणार?

कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात संशोधनाला अटींवर सूट आहे आणि जनुकीय माहितीला वेगळा दर्जा नाही. २०१९ च्या मसुद्यात तो होता, पुढे गळाला. विम्याचं सांगते, कारण दादा आता पॉलिसी काढतोय. 'जनुकीय आजार' म्हणून कंपनीने हृदयरोग्याचा दावा नाकारला, तेव्हा २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. पण जनुकांवरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही.

दादाचं नाव निघालं म्हणून लिहिते. तुमच्या दोघांचं अर्धं-अर्धं आम्हा भावंडांत आहे, तुमच्या नातवात, पिंटूत, पाव. तुम्ही सही कराल तेव्हा थोडं आमचंही जाईल. आइसलँडमध्ये एका मुलीने वारलेल्या वडिलांची माहिती सरकारी आरोग्य साठ्यात घालायला हरकत घेतली. वडिलांच्या माहितीवरून तिच्याबद्दलही अंदाज बांधता येतो, म्हणून तिला हरकत घेण्याचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं. मला काही असा हक्क बजावायचा नाही. रक्त तुमचं, निर्णय तुमचा. सत्तरी ओलांडलेल्या आई-बापांना पोरीने परवानगी द्यायची ही कल्पनाच मला सहन होत नाही. पण श्रावणात कानबाईला सगळे भाऊबंद जमतील, तेव्हा रोटांच्या आधी हा विषय एकदा काढा. मोठ्या काकूंना आणि सुरतेच्या चुलतभावांना निदान कळू द्या. काही जण चिडतील. चिडू द्या.

आणि एक. आई आणि आप्पा, तुम्ही दोघांनी एकच उत्तर द्यायला हवं असं नाही. आप्पांनी हो म्हटलं आणि आईने नाही म्हटलं तरी चालतं. आईचा फॉर्म आप्पांनी भरायचा नाही, हे मात्र मी निक्षून सांगते. पथकाला आईला वेगळं बसवून, सगळं वाचून दाखवायला सांगा. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही याचा अर्थ तिला कळत नाही असा होत नाही.

तुम्ही काय ठरवलं ते मला सांगायलाच हवं असंही नाही. फक्त शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे : तपासणीत आनुवंशिक धोक्याचं काही सापडलं तर तुम्हाला कळवायचं का? तिथे 'हो' करणार असाल तर आधी मला आणि दादाला फोन करा. दादाला असलं काही ऐकायचं नसतं, तुम्हाला माहीत आहे. मला ऐकायचं आहे. मग तो कागद घरी आल्यावर कोणासमोर उघडायचा, ते तेव्हाच ठरवून ठेवू.

बिबडे मिळाले, पण निम्मे कुरिअरमध्ये मोडले. पुढच्या वेळी डब्यात पाठव, आई.

तुमची,
मनू