यंदा काजूचं पार्सल नको

मॅनहाइम (जर्मनी), रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई जेवणावर येते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन पडवीत जातात. म्हणून लिहूनच पाठवतेय. दादा छापून आणून देईल. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, पुरं होईपर्यंत उठायचं नाही.

ठरलंय ते आधी सांगते. यंदा मला काजूचं पार्सल पाठवायचं नाही. आणि ओहोळापलीकडची बाग या हंगामापुरती खंडाने द्यायची. दादाचं आणि माझं बोलणं झालंय. माणूस आपल्या वाडीतलाच आहे, तुमच्या ओळखीचा. घराकडची झाडं कुणालाही द्यायची नाहीत. उसळीपुरते ओले गर, नातवाला भाजून द्यायला बी, सगळं तिथून होईल.

बाबा, रागावू नका. बाग तुमची आहे आणि तुमचीच राहणार. 1990 साली रोजगार हमीतून फळबागेची योजना आली, तेव्हा कातळावर काजी लावून काय मिळणार म्हणत आजोबांनी तुमच्याशी अबोला धरला होता. तुम्ही तरीही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून वेंगुर्ला-4 ची कलमं आणलीत आणि पहिले उन्हाळे ओहोळातून कळशीने पाणी नेऊन ती जगवलीत. दादाचं आयटीआय, माझं नर्सिंग, जर्मनच्या क्लासची फी, सगळं त्याच झाडांतून निघालं. हे मला पुरतं ठाऊक आहे, म्हणून तर हे लिहिताना जड जातंय. पण त्या उतारावर वाकून बी वेचायचे तुमचे दिवस आता नाहीत. बी पडते पाचोळ्यात, आणि त्याच पाचोळ्यात फुरसं साप असतो. दिसत नाही, आणि पाय पडेपर्यंत हलतही नाही. तुमच्या पायांना आधीच मुंग्या येतात, काटा बोचला तरी संध्याकाळी आई दाखवते तेव्हा कळतं. गेल्या पावसाळ्यात अंगठ्याची जखम किती चिघळली होती ते आठवा. साखर असलेल्या माणसाचा पाय एवढ्याशा जखमेने कुठवर जातो, ते मी इथे वॉर्डात रोज बघते. पट्ट्या मीच बदलते. दर वेळी तुमचा पाय डोळ्यांपुढे येतो.

आणि आई, तू. तू म्हणतेस, 'बसून तर काम, त्यात काय?' ओली बी विळीवर धरून कवच चिरायचं, काडीने गर उचकटायचा, मग कोमट पाण्यात टाकून साल सोलायची. हाताला राख चोळ नाहीतर खोबरेल लाव, बीचा चीक लागायचा तो लागतोच. व्हिडिओ कॉलवर तू हात पदराखाली घेतेस. मागच्या वेळी तू टोपाचं झाकण उचललंस आणि मला बोटं दिसली. पेरांवर काळे डाग, अंगठ्याची सालटं निघालेली, नखांच्या कडा भाजल्यासारख्या. ते शेकडा-शेकडा गर मोजून वाळवून माझ्यासाठी बरणीत भरायचे आणि मी इथे ते खायचे, हे मला आता गिळवत नाही. तुला बरं वाटावं म्हणून इतके दिवस गप्प होते, एवढंच.

तुझा रोजचा प्रश्न असतो, 'थंय तुका खाऊक काय गावता?' त्याचं उत्तर आज नीट देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

इथल्या दुकानांत सुकामेवा दोन-तीन ठिकाणी ठेवलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी भाव वेगळा. चिप्सच्या शेजारी खारवलेले, भाजलेले काजू-बदाम असतात, छोट्या पुड्यांत. ते महाग. त्याच दुकानात केक-बिस्किटांचं सामान ठेवतात, त्या फळीवर साधे बदाम, अक्रोड, हेझलनट मिळतात. मीठ नाही, तेल नाही, आणि बऱ्याचदा किलोमागे खूप स्वस्त. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. इथे वस्तूच्या भावाखाली बारीक अक्षरात किलोचा भाव लिहावाच लागतो, तसा कायदाच आहे. पाकीट 150 ग्रॅमचं असो की 400 ग्रॅमचं, हिशेब समोर. मी आता तोच आकडा आधी बघते. आल्डी, लिडलसारख्या दुकानांत त्यांचा स्वतःचा माल असतो, तो नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा स्वस्त आणि चवीला चांगला. नाताळच्या आधी इथे घरोघरी बिस्किटं भाजतात. तेव्हा बदामाची पूड आणि हेझलनट सवलतीत निघतात. ते मी तेव्हाच घेते आणि फ्रीझरमध्ये टाकते, म्हणजे खवट होत नाहीत. हेझलनट जगात सगळ्यात जास्त तुर्कस्तानात पिकतो, काळ्या समुद्राकाठच्या डोंगरांवर. तो भाजून, कूट करून, गूळ घालून लाडू वळते. शेंगदाण्याच्या लाडवाची सर नाही, पण दुपारच्या ड्युटीला डब्यात दोन असले की चार तास भूक लागत नाही.

काजूही मिळतात, आई. 200 ग्रॅमचं साधं पाकीट अडीच युरोच्या आसपास. बाबांना हिशेब करायला सांग, वेंगुर्ल्याच्या बाजारात चांगले काजू ज्या भावाने जातात, जवळपास तेवढाच पडतो. आणि आपण कुरिअरला जे भरतो ते आतल्या काजूंच्या किमतीच्या वर जातं, शिवाय सावंतवाडीपर्यंतची दादाची खेप वेगळी. पाकिटावर बऱ्याचदा व्हिएतनामचं नाव असतं. पुष्कळशी कच्ची बी आयव्हरी कोस्ट वगैरे आफ्रिकेतल्या देशांतून तिथे जाते, तिथे फोडतात, सोलतात आणि मग जगभर पाठवतात. आपल्याकडच्या कारखान्यांतही तीच बाहेरची बी येते आणि आपल्या बीचा भाव पडतो, हे तुम्ही दरवर्षी सांगता. चवीचं विचाराल तर वेंगुर्ल्याच्या काजूला तोड नाही. इथला काजू दिसायला पांढराशुभ्र, पण चावल्यावर गोडी मागाहून येते ती येत नाही. पण भाजीत, ग्रेव्हीत काय कळतं? आणि खायला म्हणून मी अक्रोड खाते, ते इथे ताजे मिळतात.

बाकीचं सामान सांगते. आमच्या भागात बाजारचौकाजवळ तुर्की लोकांची दुकानं आहेत. मसूर डाळ, छोले, राजमा तिथे मोठ्या पिशव्यांत, भारतीय दुकानापेक्षा कमी भावात. कोथिंबिरीची जुडी हातात मावत नाही एवढी. छोटी वांगी, भेंडी, पुदिना, डाळिंब सगळं असतं. शनिवारी बाजार उठायच्या वेळी गेलं तर भाजी आणखी स्वस्त. रविवारी मात्र जवळजवळ सगळं बंद, म्हणून तर आज पत्र लिहायला सवड आहे. श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या दुकानात लाल उकडा तांदूळ मिळतो, पाच किलोच्या पिशवीत. आई, मी पेज करते! रात्रपाळीहून आले की पेज आणि लोणच्याची फोड. आपल्या तांदळाचा वास नाही, पण घशाखाली उतरली की बरं वाटतं. खवलेलं ओलं खोबरं त्याच्याकडेच, गोठवलेलं. पिशवी आदल्या रात्री खाली काढून ठेवायची, बस्स.

बांगडाही मिळतो, इथल्या समुद्रातला, जरा चरबीचा. फ्रोझन घेतला तर परवडतो. तिरफळं संपली तेव्हा मी हिरमुसले होते. मग चिनी दुकानात त्यांच्या मिरीसारख्या लालसर टरफलांची पुडी दिसली, हुंगली, आणि तिथेच डोळ्यांत पाणी आलं. ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे. जीभ तशीच झिणझिणते, वास थोडा वेगळा. आता बांगड्याच्या तिखल्यात तेच घालते. दुधाचा क्वार्क म्हणून एक प्रकार मिळतो, तो फडक्यात बांधून रात्रभर टांगला की चक्का. पाडव्याला श्रीखंड केलं होतं ते त्याचंच. वॉर्डातल्या सिस्टरांनी वाटी पुसून खाल्लं. तेव्हा उपाशी आहे, मरमर करतेय, असं मनात आणू नका.

तूप, खवा, दुधाचं काहीच पार्सलमधून पाठवू नका हे मी आधी सांगितलंय, पण पुन्हा सांगते. युरोपात दुधाची वस्तू टपालाने यायला बंदी आहे, इथे काढून फेकतात. तुझं रवीचं तूप कुणाच्या कचऱ्यात जावं हे मला सहन होत नाही. आंबेही तसेच. 2014 साली फळमाशीवरून युरोपाने हापूस बंद केला होता आणि दुसऱ्या वर्षी उठवला, बाबांना आठवेल. आताही रोपांच्या तपासणीचा दाखला लागतो, घरगुती पेटीला तो कोण देणार? कोकमं गेल्या वेळची अजून अर्धी आहेत. मालवणी मसाला दोन चमचे लागतो तिथे मी एक घालते, म्हणून तोही वर्षभर पुरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला दादाने सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत. सोलून झाल्यावर आई अख्खे पांढरे गर माझ्या बरणीत टाकते, पाकळ्या दादाच्या घरी जातात, आणि कणी-तुकडे तुम्ही दोघं चहाबरोबर खाता. एवढं मोठं आयुष्य काजीच्या झाडांत गेलं आणि अख्खा काजू ताटात नाही! मी लहान होते तेव्हाही असंच होतं, मला तेव्हा कळत नव्हतं. बाबा मांगरामागे भोकं पाडलेल्या डब्यात बी भाजायचे. तेल पेटून ज्वाळ उठली की मी आईच्या मागे लपायचे. बी मातीत टाकून विझवली की दगडाने फोडायची आणि पहिला गर फुंकर मारून माझ्या तोंडात. हातातोंडाला काळं लागायचं, आई खोबरेल लावून पुसायची. एकदा मी बाबांच्या तोंडात गर घालायला गेले तर म्हणालात, 'माका दात दुखतत गो, तू खा.' तुमचे दात तेव्हा धडधाकट होते, बाबा. आता मी कमावते. या हंगामात घराकडच्या झाडांचे सगळे अख्खे गर तुमच्या दोघांच्या बरणीत जायला हवेत. मला पाठवून नव्हे, तुम्ही खाऊन मला बरं वाटेल.

आता मी सांगते तसं वागायचं, आणि कुरकुर नको.

बाबांनी दिवसाला मूठभर, तेवढेच. भाजलेले चालतील, मीठ लावलेले नकोत, आणि ते चहातल्या दोन चमचे साखरेसोबत तर मुळीच नकोत. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही तपासण्या करायच्या. उपजिल्हा रुग्णालयात सकाळी लवकर जा, आदल्या रात्री जेवणानंतर काही खायचं नाही. गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर. बागेत खंडकऱ्याला झाडं दाखवायला जाल हे मला माहीत आहे, तुम्ही जाणारच. जा, पण गमबूट घालून आणि काठी घेऊन, चपलेवर नाही. घरी आल्यावर दोन्ही तळवे आरशात बघायचे. कोमट पाणी आधी आईने हाताने बघून मग पाय टाकायचे.

आई, तुझ्यासाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे दादा आणतोय. 'त्यात बी धरवत नाही' हे ऐकून घेणार नाही. उसळीपुरते गर सोलायचे असतील तेव्हाही मोजे घालायचे. बोटांना भेगा पडल्या असतील तर मिरच्या वाटायचं काम वहिनीला दे, ती करेल, तू सांगत नाहीस म्हणून तिला कळत नाही. आणि रात्री तुम्ही दोघांनी उकड्या तांदळाची पेज खाऊन झोपायचं हे ठीक, पण सोबत अंडं नाहीतर कडधान्य हवं. नुसत्या पेजेवर बाबांची साखर वर जाते.

कुरिअरचे पैसे वाचतील ते आणि त्यावर थोडे माझे, असे दर महिन्याला दादाच्या खात्यावर टाकतेय. त्यातून उतारावरच्या गवत काढणीला आणि पंपाच्या दुरुस्तीला माणूस लावा. ते पैसे माझ्या लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवू नका. बाबा, खंडाची रक्कम मात्र तुम्हीच ठरवायची. त्यात दादा किंवा मी बोलणार नाही. झाडाला किती लागेल ते मोहर बघून तुमच्याइतकं कुणाला सांगता येत नाही. कागद दोन प्रतींत करा आणि फांद्या तोडायच्या नाहीत हे त्यात लिहून घ्या. पुढच्या वर्षी पाय बरे असले आणि तुमच्या मनात आलं, तर बाग पुन्हा आपण करू, मी आडवी येणार नाही.

अगदीच राहवत नसेल, तर मी मे महिन्यात येतेय, रजा मंजूर झालीय. तेव्हा परतताना बॅगेत मावतील एवढे काजू मी स्वतः नेईन, सोललेले, कारखान्यातून विकत घेऊन. आई, तेव्हा तू नाही म्हणायचं नाही.

मोजे मिळाले की फोटो टाका आणि रिपोर्ट आले की लगेच मला पाठवा, आधी फार्मसीवाल्याला दाखवत बसू नका.

तुमची,
बाय