आपलाच माल परत मागवणाऱ्या ताईंना

ताई,

स.न.वि.वि.

तुमचं आणि कंपनीचं नाव पत्रात घालू नका असं तुम्हीच म्हणालात, म्हणून नुसतं ताई. माझा पेशा धान्याच्या बाजारातला. खानदेशातल्या एका बाजार समितीच्या आवारात, अडत दुकानावर मी दिवाणजी. मका, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याच्या पावत्या फाडता फाडता केस पांढरे झाले. कोण माल झाकतो आणि कोण उघडा करून दाखवतो, हे ओळखायला मला चष्मा लागत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, तेवढं चालवून घ्या.

तुमचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, नवीन स्कीम सांगणार. आमच्या शेरूला तुमचं नैसर्गिक खाद्य लागू पडलं होतं. आधीच्या खाद्याने तो रात्रभर अंग खाजवायचा. बाजरी, मका, कोंबडी आणि लाल भोपळ्याच्या तुमच्या खाद्यावर आल्यापासून ते थांबलं. म्हटलं, आता मोठी पिशवी घ्या म्हणतील. तुम्ही म्हणालात, "काका, तुमच्याकडची पिशवी आजपासून कुत्र्याला देऊ नका. आमच्या मक्यात दोष निघालाय."

मग लॉट नंबर शोधायची गंमत. खाद्य डब्यात ओतलेलं होतं, पण आमच्या घरात कुठलीही पिशवी टाकून देत नाहीत, ती डब्याच्या तळाशीच घडी करून ठेवलेली होती. नंबर शिवणीच्या खाली, ठिपक्याठिपक्यांच्या फिक्या शाईत. मी वाचतोय, तुम्ही विचारताय, सात की एक? शेवटी नातीने पिशवी उन्हात धरून फोटो काढला, तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि तुमचं उत्तर आलं, हाच तो. आमची मंडळी बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. अहिराणीत म्हणाली, "सोताना माल खराब शे आसं कोनी सांगस का?" खरं सांगू, आवारात इतकी वर्षं काढली, मलाही पटकन नाव आठवलं नाही.

तुम्ही अफ्लाटॉक्सिन, म्हणजे धान्यावरच्या बुरशीचं विष, म्हणालात तेव्हा पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. परतीच्या पावसात सापडलेला मका आम्ही दरवर्षी बघतो. कणीस उभ्या उभ्याच काळं पडतं, सोलल्यावर दाण्यांच्या फटीत हिरवट-पिवळी बुरशी दिसते. शेतकरी बिचारा खळ्यावर ऊन दाखवून आणतो. मॉइश्चर मीटरवर काटा चौदाच्या आत आला की माल पास. पण वाळवलं म्हणून आधी तयार झालेलं विष निघून जात नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, वासाला लागत नाही, आणि कितीही भाजा-शिजवा, पुरतं मरत नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या खाद्यासाठी मर्यादा धरतात ती अब्जात २० भागांची. आमच्या हिशेबात सांगायचं तर दहा क्विंटलच्या ढिगात २० मिलिग्रॅम. एवढंसं!

मी तुम्हाला जरा खवचटपणेच विचारलं होतं, मका घेताना तपासला नव्हता का? तुम्ही चिडला नाहीत. पुरवठादाराचा दाखला होता, आल्या आल्या तुमच्या माणसांनी नमुना तपासला तोही ठीक निघाला, पण प्रत्येक लॉटची एक पिशवी तुम्ही राखून ठेवता आणि ती पुन्हा तपासली तेव्हा आकडा वर गेला. हे मला लगेच पटलं. आम्हीही पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्या मुठीवर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यातले थोडे दाणे विषाने भरलेले आणि बाकी पोतं स्वच्छ, असंही असतं. मूठ चुकीच्या ठिकाणी पडली की सगळं आलबेल. म्हणून राखलेल्या पिशवीवर पुन्हा पैसे घालवून तपासणी करणारा माणूस मला मोठा वाटतो. तिथे काही सापडलं नसतं तर कुणी शाबासकी देणार नव्हतं, आणि सापडलं तर नुकसान तुमचंच.

त्यातही तुमच्यावर कुणाची सक्ती नव्हती, हे मला नंतर कळलं. आपला अन्नसुरक्षेचा कायदा २००६चा. त्यातल्या अन्नाच्या व्याख्येत जनावरांचं खाद्य बसतच नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ११९६८, पण ते पाळायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नव्हती. गप्प बसला असता तर पिशव्या संपल्या असत्या, एखादं कुत्रं आजारी पडलं असतं, मालक म्हणाला असता, उकिरड्यावर काहीतरी खाल्लं असेल. कुत्र्याचं दुखणं असंच वाऱ्यावर जातं.

आणि कुत्र्याला धोका माणसापेक्षा जास्त, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत. आपण आज भाकरी, उद्या खिचडी, परवा पोळी खातो. त्याच्या पुढ्यात रोज तेच दाणे. थोडं थोडं करून यकृतावर साचत जातं. खाणं सोडतो का, उलट्या होतात का, हिरड्या आणि डोळ्यांचं पांढरं पिवळं पडतं का, लघवी गडद होते का, हे बघायला सांगितलंत. लक्षण काही नसलं तरी रक्त तपासून घ्या म्हणालात आणि बिल स्वतःकडे मागवून घेतलंत. डॉक्टरांनी शेरूचा ओठ वर करून हिरड्या दाबून पाहिल्या, रक्त घेतलं. यकृताचा आकडा ठीक आला. शेरू मजेत आहे. सध्या दूध-भाकरीवर आहे आणि त्यावर नाखूश आहे.

१९७४ साली आपल्या शेजारी, गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाड्याकडच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली, शंभराच्या वर माणसं गेली. तिथे तीच लक्षणं आधी गावातल्या कुत्र्यांत दिसली होती, माणसांत नंतर. अवकाळी पाऊस आणि मका साठवायला धड जागा नाही, ही कारणं. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला यातलं काय नवीन आहे? अमेरिकेतही २०२०च्या अखेरीस मक्याच्याच खाद्यातून कुत्री दगावली तेव्हा कुठे माल परत मागवायला सुरुवात झाली; मग मालाची यादी लांबत गेली आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे दगावलेल्या कुत्र्यांची नोंद शंभरावर गेली. तुमच्याकडे ही यादी एकही कुत्रं न जाता झाली.

मुलगा म्हणतो, कंपनी बदला, हिचा माल खराब निघाला. मी त्याला म्हटलं, ज्यांनी कधीच माल परत मागवला नाही त्यांचा मका काय आकाशातून पडतो? तोही याच पावसात भिजतो. फरक एवढाच की तिथे राखलेली पिशवी कुणी फोडून बघत नसेल. मी तुमच्याकडेच राहणार. हां, एक तक्रार आहे: लॉट नंबरची शाई बदला. म्हाताऱ्या माणसाला तो वाचता येत नाही, आणि तो वाचता आला नाही तर तुमच्या फोनचा उपयोग शून्य.

खरे आभार मात्र एका वेगळ्याच गोष्टीचे. परत आलेल्या मालाचं काय केलं, हे मी धंद्याच्या सवयीने विचारलं. आम्हाला माहीत असतं, काळा पडलेला मका टाकून देत नाहीत, त्याला कमी भावाचं गिऱ्हाईक असतंच. तुम्ही सांगितलंत की गुरांच्या खाद्याचं काम करणारा एक जण भाव बोलून गेला होता. तुम्ही नाही म्हणालात, कारण तेच विष गाय खाते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. सगळा माल नष्ट केलात आणि त्याचा खर्चही सोसलात. म्हणजे त्या पिशव्यांनी फिरून फिरून कुणाच्या तरी चहात यायचं होतं, ते तुम्ही अडवलंत. त्या चहा पिणाऱ्यांना तुमचा फोन गेला नाही, जाणारही नाही. त्यांच्या वतीनेही हे पत्र समजा.

आता माझ्या कामाचं. यंदाचा मका घ्यायला पुरवठादाराच्या दाखल्यावर विसंबू नका, स्वतः आवारात या. कुठल्या गावाचा माल पावसाआधी काढलाय, कुठला भिजून मग वाळवलाय, हे गाडी उतरताना मला कळतं, मी ढीग दाखवीन. सकाळी नऊच्या आत या, लिलाव सुरू झाला की बोलायला फुरसत नसते. जेवायला घरीच यायचं आहे. कळण्याची भाकरी आणि भरीत आहे, आणि आमच्या मंडळीला तुम्हाला बघायचंय.

आपला,
शेरूचा मालक, एक दिवाणजी