आईच्या गाठी, तुमच्या गोळ्या

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईचा नवा सीटी रिपोर्ट तुम्ही पाहिलातच. छातीतल्या गाठी आक्रसल्यात, एक तर शोधावी लागते. ओपीडीच्या गर्दीत दोन शब्द नीट बोलता आले नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

सिन्नरहून नाशिकला आलो तेव्हा आम्ही कॅन्सरच धरून चाललो होतो. त्याआधी एका ठिकाणी 'सुई घालून पाणी काढू' म्हणाले होते. तुम्ही फिल्म उजेडावर धरलीत आणि विचारलंत, "मावशी, घरी मेंढरं आहेत? आणि कुत्रा?" छातीच्या दुखण्यात कुत्रा कुठून आला, हे आईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं! मग हायडॅटिड म्हणजे काय ते तिला कळेल असं सांगितलंत. कुत्र्याच्या आतड्यातल्या बारीक जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, हाताला लागून नाहीतर न धुतलेल्या भाजीतून आपल्या पोटात जातात आणि पाण्याची गाठ धरते. सुईने ती फुटली तर अॅलर्जी येऊन जिवावर बेततं, शिवाय आजार छातीत पसरतो.

"गाठ मोठी असती तर ऑपरेशनलाच पाठवलं असतं," हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण आईच्या गाठी लहान, दोन्ही बाजूंना, आणि त्यात हृदय कमजोर. म्हणून अल्बेंडाझोल ही जंतावरची गोळी, 400 मिलिग्रॅम, दोन वेळा, 28 दिवस. मग 14 दिवस सुट्टी, पुन्हा तेच. गोळी उपाशीपोटी अंगी लागत नाही, तेला-तुपाच्या जेवणाबरोबरच घ्यायची. कोलेस्टेरॉलपायी वर्षानुवर्षं तूप बंद असलेली आमची आई भाकरीवर तुपाची धार धरून म्हणायची, "बाईंनीच सांगितलंय." तुमच्यावर तिचा जीव जडला तो तिथूनच.

दर पंधरवड्याला लिव्हर आणि पांढऱ्या पेशींची तपासणी तुम्ही एकदाही चुकू दिली नाहीत. मध्ये लिव्हरचे आकडे चढले तेव्हा गोळी थांबवलीत, ते उतरल्यावरच पुन्हा सुरू केलीत. खोकल्यातून खारट पाणी आलं तर रात्री-अपरात्री निघून यायचं, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

कुत्र्याला आता जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध चालू आहे. जत्रेत बोकड-मेंढरू कापलं की फुप्फुस-काळीज कुत्र्यांपुढे टाकायची रीत मात्र मोडता मोडत नाही, आणि त्यातल्या गाठी खाऊनच कुत्र्याला हा जंत होतो. त्याबद्दल तुमच्या सहीने चार ओळी लिहून द्याल का? जत्रेआधी वाड्यावर लावतो. माझं कोण ऐकतंय!

आपला,
मावशींचा धाकटा