बोगद्यात कुठलं पाचट, बाबा?

पुणे, मंगळवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

गाडी दुरुस्त झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाबा पुढचं नीट वाचतील. रविवारी घेऊन येते. सीट कव्हर तीच आहेत, आईची उशी जागेवर आहे, डॅशबोर्डवरच्या गणपतीला कोणी हात लावलेला नाही.

शनिवारी आत्याकडे जाताना पसरणी घाटात टुरिस्ट बसच्या मागे आपण अडकलो, तेव्हा तो वास आला. आई, तू पदर नाकाला लावलास आणि मागे वळून माझ्याकडे बघितलंस. बाबा म्हणाले, "खाली कोणीतरी पाचट पेटवलंय." उसाचे दिवस, मलाही पटलं. पण रविवारी एकटी पुण्याला निघाले, खंबाटकीच्या चढाला पुन्हा तोच वास, आणि बोगद्यात शिरल्यावर तर डोक्यातच गेला. बोगद्यात कोण पाचट पेटवणार? चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी हलायला तयार नाही. तिथेच क्लचचा संशय आला.

तरी मेकॅनिकने आधी वायरिंग पाहिलं, कारण वायरचा वास सगळ्यात वाईट. बरं झालं पाहिलं. जादा हॉर्न बसवताना कोणीतरी १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा ठोकून दिला होता. म्हणजे लोड वाढला तर फ्यूज शाबूत आणि वायर जळणार! तो काढला. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं, ते पॅकिंगही बदललं. आणि मग गिअर बॉक्स उतरवला. क्लच प्लेट मी हातात घेतली, काळीकुट्ट आणि काचेसारखी गुळगुळीत, रिव्हेट पार वर आलेले. प्रेशर प्लेटवर निळे डाग. पूर्ण सेट बदलला, मजुरीसकट ७,८०० रुपये. ते मी दिलेत, हा विषय इथेच संपला.

मेकॅनिक म्हणाला, गाडी चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, धरून ठेवत असणार. बाबा, लगेच चिडू नका. हँडब्रेकची केबल इतकी सैल झाली होती की आठ-नऊ खाचा वर ओढला तरी धरत नव्हता. मग माणूस क्लचवर धरणार नाही तर काय करणार? केबल ओढून घेतलीय. आता घाटात थांबलात तर हँडब्रेक लावायचा आणि डावा पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. नुसता टेकवूनही ठेवायचा नाही.

आता जे लिहायला दोन रात्री घेतल्या ते. बाबा, तुम्हाला तो वास आलाच नव्हता ना?

रविवारी सकाळी दूध उतू जाऊन करपलं, तुम्ही ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत होता. धावत आई आली. २०२१ च्या त्या तापात वास गेला होता, तो परत आला असं तुम्ही फोनवर सांगितलं होतं. आई, तुला माहीत होतं, आणि तूही बोलली नाहीस. मी रागावलेले नाही. थोडी आहे, पण तुझ्यावर.

आपल्या घराचं नाक म्हणजे बाबा. आढीत हात घालून डोळे मिटून पिकलेला आंबा काढायचे आणि पहिला मला. मी कपाळ पुढे केलं की नुसतं हुंगून म्हणायचे, ताप येणार आहे हिला. आणि यायचाच. म्हणून तुम्ही का लपवलंत ते कळतंय मला.

पण गाडी म्हातारी, घाट उभा, आणि काही जळायला लागलं तर चालवणाऱ्याला कळायला नको का? म्हणून मी न विचारता ठरवून टाकलंय. दर गुरुवारी आत्याकडे दूधवाल्यांचा धाकटा गाडी चालवेल. तीन महिन्यांचे पैसे देऊन झालेत, त्यामुळे "नको" म्हणून उपयोग नाही. पोरगा शांत आहे, तुम्ही शेजारी बसून त्याला खुशाल गिअर शिकवा. गावात, मंडईला, ढोल्या गणपतीला तुम्हीच न्या. फक्त आई शेजारी हवी, आणि ती "वास येतोय" म्हणाली की वाद न घालता गाडी बाजूला घेऊन बंद करायची. धूर दिसला तर बॉनेट उघडायच्या फंदात न पडता दोघांनी लांब जाऊन उभं राहायचं.

घरातलंही ऐका. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. तुमच्यासाठी तो नसल्यासारखाच. म्हणून अलार्म आणतेय. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, तेव्हा अलार्म सिलिंडरजवळ जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. वर घड्याळाशेजारी छान दिसतो म्हणून तिथे लावू नका. रात्री रेग्युलेटर बंद. आणि सोमवारी साताऱ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंय, मी रजा टाकलीय, गाडी मी चालवणार.

आई, मेथीचे लाडू करू नकोस, गुडघा धरेल. केलेच असशील तर चार ठेव.

तुमची,
छकुली

ता. क. जुनी क्लच प्लेट डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय. तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, माहितीये. रिव्हेटवरून नख फिरवून बघा.