पुलाखालूनही छायाचित्रे काढा

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, शिवडीहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूची ड्रोनने टिपलेली झगमगती छायाचित्रे पाहिली की हा पूल कुठल्या किनाऱ्याला टेकतच नसावा, असे वाटू लागते. शिवडीच्या धक्क्यावर मी अनेक वर्षे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) छायाचित्रे काढायला जातो. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात चोच खुपसून चरणारा गुलाबी थवा आणि त्यामागे मोकळी खाडी, अशी चौकट पूर्वी सहज मिळत असे. आता त्याच जागेवरून कॅमेऱ्यात आधी या पुलाचे करडे खांब येतात आणि मग पक्षी. (खांब वगळून फोटो काढण्याची माझी धडपड हीही एक लबाडीच, हे मान्य.)

वरळीला होड्या खांबांमधून सुरक्षित जाव्यात असा मच्छीमारांनी आग्रह धरला म्हणून सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करावे लागले. ही अडचण आकाशातून दिसत नाही, होडीत बसूनच कळते.

म्हणून रस्ते आणि पूल बांधणाऱ्या यंत्रणांनी काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि संपल्यावर, ठरलेल्या त्याच जागांवरून, माणसाच्या नजरेच्या उंचीवरून आणि शक्यतो सारख्याच ओहोटीला छायाचित्रे काढून ती तारखेसह सर्वांना पाहण्यास खुली ठेवावीत. वर्सोवा-भाईंदर सागरी किनारा मार्गाच्या आड येणाऱ्या खारफुटीपासून याची सुरुवात करता येईल.

– एक वाचक, शिवडी, मुंबई