येळवशीचं खरं काय झालं ते

लाइपझिग, 2 जानेवारी 2025

आई,

फोनवर सांगायला गेलं की तू मधीच "जेवलीस का" विचारतेस अन् मग विषय कुठल्या कुठं जातो, म्हणून टाइप करायलेय. काकूच्या पोरीला मोठ्यानं वाचून दाखवायला लाव, पण काकू घरात नसताना. का ते पुढं कळेल.

सोमवारी, येळ अमावस्येला, मी ग्रुपवर फोटो टाकला ना, दगडांचे पाच पांडव मांडलेले, पुढं पिठाचे उंडे अन् खीर, पोरगं हात जोडून उभं. तो फोटो खोटा नाही, पण तो दुपारी दोनचा आहे अन् त्या दिवशी नीट झालेली तेवढीच एक गोष्ट आहे. तुम्ही सगळ्यांनी "वा वा, तिकडं जाऊन पण येळवस सोडली नाही पोरीनं" म्हणून लिहिलं, मामांनी तर फोटो गावाच्या ग्रुपवर पण फिरवला, अन् मला इकडं तोंड लपवावं वाटायलंय.

तर पहिल्यापासून सांगते. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंची शहराच्या कडेला बाग आहे. इथं त्याला श्रेबरगार्टन म्हणतात, श्रेबर नावाचा डॉक्टर याच गावचा, त्याच्या नावानं 1864 ला पहिली संस्था इथंच निघाली, ती पण म्हणे लेकरांना खेळायला जागा पाहिजे म्हणून, बागा मागून आल्या. आता देशभर असल्या बागा आहेत अन् त्याला सरकारचा कायदा आहे 1983 चा, की बाग 400 चौरस मीटरच्या वर नको, म्हणजे आपले चार गुंठे, अन् आतली खोली 24 चौरस मीटरच्या वर नको. चार गुंठ्यात माणूस काय पिकवणार, पण बाईनं मका लावला होता अन् त्याची वाळलेली धाटं तशीच उभी होती. ती बघितली अन् मला काय सुचलं असेल ते तुला सांगायला नको. बाईला म्हणलं आमचा एक सण आहे, रानात बसून जेवायचं असतंय. ती म्हणली डिसेंबरात? मी म्हणलं हो डिसेंबरातच. तिनं चावी दिली. जाळाचं मी तिला बोलले नाही, ही माझी पहिली चूक.

सामानाचं म्हणशील तर निम्मं मिळालं निम्मं नाही. बाजरीचं अन् ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात मिळतं, महाग आहे पण मिळतं. भज्जीला ओल्या तुरीचे दाणे फ्रीजरमधले, बर्फात गोठलेले, पाकिटावर गुजरातीत नाव. हरभरा पण तसाच. चुका नाही, बोरं नाहीत, ओल्या शेंगा नाहीत. तुझ्या भज्जीत किती भाज्या असतात ते मी कधी मोजलं नाही, माझ्या झाल्या नऊ, त्यात एक ब्रोकोली. हसू नको. ताक मात्र इथं खोक्यात मिळतं अन् चांगलं आंबट असतंय, त्यामुळं अंबिल झकास झाली होती. झाली होती म्हणायलेय मी, लक्षात घे.

घरी अंबिल मातीच्या बिंदग्यात असते अन् आबा घोंगडी पांघरून ते डोक्यावर घेऊन पुढं चालायचे, आपण सगळे मागं. मला वाटायचं बिंदगं ही नुसती पद्धत आहे. आता कळलं की बिंदग्याचं तोंड मोकळं असतंय ते कशासाठी! तुझ्या जावयानं ट्राममध्ये सांडू नये म्हणून पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरली, झाकण आवळून लावलं अन् आदल्या रात्री कॅन ठेवला कुठं, तर हीटरजवळ. साताऱ्याचा माणूस, त्यांच्याकडं येळवस नाही, त्याला काय दोष द्यायचा, मी तरी कुठं बघितलं. सकाळी कॅन फुगून गोल झाला होता. म्हणलं जाऊ दे, तिथं गेल्यावर उघडू. अन् ट्राममध्ये पोरगं म्हणायला लागलं आई हे आतून सुसू करतंय, अन् मी "हात लावू नको" म्हणेपर्यंत त्यानं झाकण फिरवलं.

आई, छताला लागली. खरंच छताला. लसूण-मिरचीचा वास अख्ख्या डब्यात, समोरच्या आजीबाईच्या काळ्या कोटावर पांढरे शिंतोडे, अन् तिचं कुत्रं खाली पडलेली अंबिल चाटायला लागलं ते थांबेचना. रानात अंबिलीनं चर शिंपायच्या आधीच त्यानं नैवेद्य खाल्ला. मी जर्मनमध्ये माफी मागायले तर शब्दच येईनात, "हे दूध आहे, धार्मिक आहे" असलं काहीतरी बोलले. आजीबाई रागावली नाही, रुमालानं कोट पुसला अन् विचारलं की कुत्र्याला काही होणार नाही ना. आम्ही पुढच्या स्टॉपला उतरलो अन् उरलेली दोन-अडीच लिटर घेऊन चालत गेलो.

तिथं गेल्यावर मात्र सगळं छान झालं, दोन तास. मक्याच्या धाटांची कोप केली, बुटकी झाली, पोरगंच तेवढं आत मावत होतं. पांडवांना दगड बागेतलेच घेतले, चुना नाही म्हणून मैदा कालवून लावला. मग थंडीत हातमोजे घालून भज्जी-भाकर खाल्ली, बागवाली बाई पण आली होती, तिला उंडे लई आवडले. भज्जीला म्हणली याला नाव काय, मी म्हणलं भज्जी, ती म्हणली यात काय काय आहे, मी म्हणलं रानात जे आहे ते सगळं. तिला ते पटलं. मग ती घरी गेली, अन् तीच थांबली असती तर पुढचं झालं नसतं.

इथं चारलाच दिवस मावळतो. पोराला मी वर्षभर हेंडग्याच्या गोष्टी सांगितल्यात, की दादा अन् मी कडब्याच्या पेंढ्या पेटवून बांधाबांधानं कसं पळायचो, आबा मागून ओरडायचे. तो सकाळपासून तेच विचारत होता, कधी पेटवायचं, कधी पेटवायचं. मग काय, चार धाटं बांधली अन् पेटवली. तो पळाला, "होलगे होलगे सालम पलगे" ओरडत. अर्थ विचारत होता, मला कुठं येतोय, आपल्याकडं कुणाला येतोय. चार गुंठ्यात पळायचं म्हणजे दहा पावलं, मग वळावंच लागतं, अन् तो वळला तो कोपीकडं.

वाळली धाटं ती. भडकलीच. पोरगं हेंडगा टाकून बाजूला झालं, त्याला काही झालं नाही, ते आधी सांगते म्हणजे तू पुढचं नीट ऐकशील. मी नळाकडं पळाले तर नळाला पाणीच नाही. हिवाळ्यात पाइप गोठून फुटतात म्हणून या बागांचं पाणी बंद करून टाकतात, हे बाईनं सांगितलं होतं अन् मी हो हो म्हणलं होतं. शेजारच्या बागेतलं कुंपण दोन हातांवर. शेवटी तुझ्या जावयानं कॅन उचलला अन् राहिलेली सगळी अंबिल कोपीवर ओतली, मग बुटानं तुडवून तुडवून विझवलं. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा आला ओरडत, की फटाके उद्या, आज नाही! इथं फटाके फक्त 31 डिसेंबर अन् 1 जानेवारीलाच चालतात, त्याला वाटलं आम्ही एक दिवस आधीच सुरू केलं. अन् बागेत उघड्यावर जाळ करायचा नाही असा त्यांचा नियम, तो वेगळाच. आज बाईचा मेसेज आला की संस्थेकडून तिला तंबी मिळाली. ती म्हणली असू दे, पण ते "असू दे" कसं असतंय तुला माहीतच आहे. मी उद्या केक घेऊन जाणार आहे तिच्याकडं, अन् थोडे उंडे.

म्हणजे बघ, चर शिंपायची राहिली. अंबिल निम्मी कुत्र्यानं खाल्ली, निम्मी जाळात गेली.

हे माझं झालं. आता तू सांग.

सोमवारी सकाळी साडेआठला मी फोन केला, तुमच्याकडं दुपारचा एक. तू म्हणलीस "रानातच आहोत, आवाज येईना, ठेवते." अन् मागं कुकरची शिट्टी वाजली. मला तेव्हा घाई होती, कॅन फुगलेला, लक्षात आलं नाही. मग संध्याकाळी तू फोटो टाकलास, कोप, पांडव, भज्जीची पातेली. रात्री झोप येईना म्हणून तो मोठा करून बघत बसले तर मागं बाभळीला ढवळ्या बांधलेला. आई, ढवळ्या तर पोळ्याच्या आधीच विकला ना आपण? तूच रडत सांगितलं होतंस.

मग मी दादाला विचारलं. तो म्हणाला सुट्टी मिळाली नाही, पुण्यात कुठं असती येळवशीची सुट्टी, अन् आईनंच सांगितलं की काकूच्या कोपीवर जाते म्हणून. मग काकूला मेसेज केला तर ती म्हणली "तुझी आई दादासंगं आपल्या रानात गेली असंल, आमच्याकडं आली नाही." म्हणजे प्रत्येकाला तू दुसऱ्याचं नाव सांगितलंस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी कलेक्टर सुट्टी देतो, बाजारात कुत्रं नसतंय, अन् तू एकटी घरात बसून कुकर लावलास. काय शिजवलंस, खिचडी?

मी रागावले नाही. म्हणजे रागावले होते, पण मग माझाच फोटो बघितला. तू मागच्या वर्षीचा टाकलास, मी जाळाच्या आधीचा.

पण मला एक कळेना. भूकंपाच्या साली, 93 ला, किल्लारीकडं घरंच्या घरं पडली, आपण पत्र्याच्या शेडात होतो, तरी आज्जीनं येळवस केलती म्हणून तूच सांगतेस. अन् 2016 ला, नंतर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष, जानेवारीत रानात हिरवं पान नव्हतं तर आबांनी भज्जीची भाजी औशाच्या बाजारातून विकत आणली, विकतची! आम्ही हसलो होतो त्यांना. तेव्हा नाही चुकली अन् आता रान बटईनं दिलंय म्हणून चुकली का? बटईवाल्यानं येऊ नका म्हणलं का? का आबा नाहीत म्हणून तुलाच जावं वाटलं नाही? तसं असलं तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही. दादाला पण म्हणणार नाही.

पुढची येळवस 19 डिसेंबरला आहे, शुक्रवार, मी कॅलेंडर बघून ठेवलंय. तिकिटं आत्ताच बघायलेय, मार्चपर्यंत स्वस्त असतात. पोराची शाळा चार दिवस बुडेल तर बुडू दे. तू फक्त बिंदगं फुटलं असलं तर नवं घेऊन ठेव अन् आबांची घोंगडी कसर लागायच्या आत उन्हात घाल.

अन् ढवळ्या कुणाच्या दावणीला आहे ते विचारून ठेव. जवळच्या गावात असला तर पोराला दाखवून आणू.

पत्राचं उत्तर फोनवर देऊ नको, पोरीला टाइप करायला सांग. फोनवर तू परत "जेवलीस का" विचारशील.

तुझी
ताई
(जेवलेय. भज्जी अजून उरलीय, चौथा दिवस.)